रिओच्या कार्निव्हलच्या बातम्या देणाऱ्या मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वर्तमानपत्रं, न्यूज पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल चालवणारे सगळे संपादक-उपसंपादक, आणि रिओला येऊन व्हिडिओ करणारी ट्रॅव्हलवाली मंडळी

विषय: सांबाच्या मिरवणुकीतल्या आफ्रिकन देवांना 'काळी जादू' म्हणणं थांबवा

नमस्कार,

मी मूळची साताऱ्याची, बरीच वर्षं झाली रिओ दि जानेरोत राहतेय, बंदराजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. हे पत्र लिहायला कारण झालं ते एका मराठी पोर्टलनं छापलेला फोटो. पोर्टलचं नाव घेत नाही, कारण आज त्यांनी केलं, उद्या दुसरं कुणी करेल, आणि मला भांडण एका माणसाशी नाही घालायचं तर या सवयीशी घालायचंय.

झालं असं की कार्निव्हलच्या आधी मी त्यांना एक लेख पाठवला होता, सांबा स्कूलमधल्या (ही शिकायची शाळा नव्हे, कार्निव्हलच्या मिरवणुकीत सांबाचं नाच-गाणं घेऊन उतरणारं मंडळ) 'बायाना' बायकांवर, म्हणजे पांढऱ्या लेसचे, मोठ्या घेराचे कपडे घालून गोल गोल फिरत जाणाऱ्या वयस्कर बायका असतात ना त्यांच्यावर. सोबत आमच्या शेजारच्या तियाचा फोटो दिला. तिया म्हणजे मावशी, इथं मोठ्या बाईला सगळे असंच म्हणतात. तिला विचारून दिला होता, कुठं छापणार, कशासाठी, सगळं सांगून. त्यांनी लेख टाकून दिला, फोटो ठेवला आणि वर हेडलाइन लावली, 'रिओच्या रस्त्यावर काळ्या जादूचा नाच'. मी मेल केला, फोन केला. उत्तर मिळालं की मॅडम लोक अशाच गोष्टीवर क्लिक करतात. परत परत मागं लागल्यावर हेडलाइनच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह लावलं. फोटो अजून तिथंच आहे.

ही बाई कोण आहे ते आधी सांगते, मग बाकीचं. सत्तरी ओलांडलीये, आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण रांधलं, आता नातवंडं सांभाळते, आणि आपल्या सांबा स्कूलच्या बायानांमध्ये ती तरुणपणापासून आहे. तो ड्रेस लांबून हलका दिसतो, नसतो. आत प्लॅस्टिकच्या नळ्यांचे गोल असतात, वर कापडाचे थर, त्यावर लेस, मणी, खांद्यावर शाल, डोक्यावर भलंमोठं काहीतरी, सगळं मिळून दहा-पंधरा किलो सहज भरतं. तो एकदा चढवला की बसता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही, आपला नंबर येईपर्यंत बाहेरच्या रस्त्यावर फेब्रुवारीच्या उकाड्यात ताटकळत उभं राहायचं, आणि मग सापुकाईच्या, म्हणजे मिरवणूक जाते त्या, जवळजवळ सातशे मीटर रस्त्यावर गात गात गिरक्या घ्यायच्या. तिया घरातून निघायच्या आधी दाराशी पाणी शिंपडते, मग ओशुमची पिवळ्या मण्यांची माळ गळ्यात घालते आणि कॉश्च्युमच्या आत सरकवते, कारण बाहेर दिसले ते कॉश्च्युम डिझाइनमधलेच मणी दिसले पाहिजेत, आत मात्र तिची स्वतःची माळ. ओशुम ही गोड्या पाण्याची, नद्यांची, सोन्याची देवी, कांदोम्ब्ले धर्मातली, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी ब्राझीलमध्ये जपलेल्या धर्मातली. तियानं या ओशुमचीच दीक्षा घेतलीये. या सगळ्यात काळी जादू कुठं आली?

तिनं मला विचारलं, काय लिहिलंय गं माझ्याबद्दल तुमच्या भाषेत? मी खरं काय ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या देशात पण?"

या 'पण' मागं किती काय आहे हे तुम्हाला कळावं म्हणून पुढचं लिहितेय. जरा लांबेल, पण वाचा.

'काळी जादू' हा शिक्का इथं पोलिसांनी मारलेला आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली १३ मे १८८८ ला, अख्ख्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. आणि दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेत 'जादूटोणा' आणि झाडपाल्याचे उपचार गुन्हा ठरले, कॅपोएरा, म्हणजे काळ्या लोकांची नाचासारखी लढायची कला, तीपण गुन्हा ठरली. म्हणजे माणसं मोकळी केली आणि त्यांचे देव पकडले. पोलीस तेरेइरोंवर, म्हणजे या धर्माच्या पूजाघरांवर, धाडी टाकायचे आणि ढोल, माळा, मूर्ती, देवांची शस्त्रं उचलून पुरावा म्हणून न्यायचे. रिओच्या पोलीस म्युझियममध्ये या वस्तू साठत गेल्या आणि १९३८ मध्ये सरकारनं त्यांची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली, ती कुठल्या नावानं केली माहितीये? 'काळी जादू संग्रह'. ज्यांच्या घरातून त्या वस्तू ओढून आणल्या त्यांची मुलं-नातवंडं वर्षानुवर्षं मागत राहिली की आमचं पवित्र आम्हाला सोडवून द्या, आणि शेवटी २०२० मध्ये त्या ५१९ वस्तू पोलिसांकडून रिपब्लिक म्युझियममध्ये गेल्या, तिथं आता त्यांची देखरेख तेरेइरोचे लोक म्युझियमवाल्यांच्या बरोबरीनं करतात. नाव बदललं, 'आमचं पवित्र' असं झालं. इकडं पोलिसांच्या फायलीतून जे नाव काढायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली ते तुम्ही दोन मिनिटांत मराठी हेडलाइनमध्ये परत लावलंत.

आणि कुणी म्हणेल की एका हेडलाइननं काय होतं, तर माय जिल्दाचं ऐका. साल्वादोर शहराच्या इतापुआ भागात ओगुम देवाचं तेरेइरो चालवणारी ही बाई. १९९९ मध्ये एका चर्चच्या पेपरनं तिचा फोटो तिला न विचारता, डोळ्यांवर काळी पट्टी मारून छापला आणि वर मथळा दिला की हे भोंदू लोक गिऱ्हाइकांना लुबाडतात. त्यानंतर तिच्या घरावर हल्ले झाले, तेरेइरोत घुसून लोकांनी तिला शिव्या घातल्या. २१ जानेवारी २००० ला ती हार्ट अटॅकनं गेली. घरच्यांनी केस लढवली, जिंकली, आणि २००७ पासून २१ जानेवारी हा ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस आहे. एक फोटो आणि एक मथळा, एवढंच होतं ते. रिओच्या वस्त्यांमध्ये आजही तेरेइरो फोडले जातात, बंदुकीच्या धाकावर त्यांच्या पुजारणींना स्वतःच्या हातानं मूर्ती फोडायला लावल्याचे व्हिडिओ निघालेत. तिया रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यात जाते तेव्हा बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. त्यामुळं तुमच्याकडं बसलेल्या कुणाला ही गंमत वाटत असली तरी इथं ती गंमत नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ही जवळजवळ सगळ्यांबद्दल आहे. दर वर्षी फेब्रुवारी आला की तुमच्याकडं तेच, पिसं लावलेल्या, कमी कपड्यातल्या मुलींचे फोटो, गॅलरी, 'रिओत रंगला धम्माल उत्सव', 'जगातली सगळ्यात मोठी पार्टी'. त्या मुली नाचतात ते मेहनतीचं आहे, सांबाचे पाय शिकायला वर्षं जातात, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण एका स्कूलमध्ये अडीच-तीन हजार माणसं चालतात, ढोलवाल्यांचा ताफा असतो, झेंडा नाचवणारी जोडी असते, भलेमोठे रथ असतात, आणि हे सगळे मिळून एक गोष्ट सांगत असतात, एक विषय, ज्याला इथं एन्रेदो म्हणतात. त्यावर वर्षभर काम चालतं, पुस्तकं वाचतात, जाणत्या लोकांकडं जातात, त्यावर गाणं रचतात आणि परीक्षक त्यावर मार्क देतात. एकूण नऊ गोष्टींना मार्क आहेत आणि त्यात 'कपडे किती कमी' हा मुद्दा नाही. जेजुरीला भंडारा उधळतानाचा फोटो टाकून कुणी परदेशी पेपरनं 'पिवळ्या पावडरीची पार्टी' लिहिलं, खंडोबाचं नावही घेतलं नाही, तर आपल्याला काय वाटेल? तसं वाटतं इथल्या लोकांना.

ही गोष्ट आहे कुणाची हे समजायला माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतक्या अंतरावरची एक जागा पुरेशी आहे. वालोंगोचा धक्का. १८११ मध्ये बांधला. अंदाज असा आहे की सुमारे नऊ लाख आफ्रिकन माणसं साखळदंडात रिओच्या या भागात उतरवली गेली. नंतर त्याच्यावर राणीच्या स्वागतासाठी नवा धक्का बांधला, मग तोही बुजवून चौक केला, आणि २०११ मध्ये बंदराच्या नूतनीकरणात खोदकाम चालू असताना दगड परत वर आले. २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दुपारी डबा खाऊन मी कधीकधी तिथं जाते, ओबडधोबड दगडांची फरशी आहे खड्ड्यात, भोवती रेलिंग, पावसात पाणी साचतं. रिओला येणारे आपले व्हिडिओवाले ख्रिस्ताच्या पुतळ्यापाशी तास घालवतात आणि इथं मात्र कुणी दिसत नाही. आणि मोठ्या स्कूलचे रथ जिथं बनतात ती सांबा सिटीची गोदामं याच भागात आहेत, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर.

याच भागाला 'छोटी आफ्रिका' म्हणायचे. बाहिया राज्यातून आलेल्या काळ्या बायका इथं राहायच्या, रस्त्यावर मिठाई विकायच्या आणि घरी देवाचं करायच्या. त्यातली सगळ्यात नाव असलेली तिया सियाता, जन्म १८५४, ओशुमचीच लेक. प्रासा ओन्झे या चौकापाशी तिचं घर होतं. पुढच्या खोलीत प्रतिष्ठित लोकांना चालेल असं संगीत, मागं सांबा आणि अंगणात देवांचे ढोल. पोलीस आले तर त्यांना पुढचीच खोली दिसायची. १९१६ मध्ये ज्या गाण्याची सांबा म्हणून नोंद झाली आणि जे पुढच्या वर्षीच्या कार्निव्हलला सगळीकडं वाजलं, ते याच घरातल्या बैठकांमधून आलं. त्या काळात हातात डफ दिसला तरी पोलीस पकडायचे, जुआव दा बायाना या वादकाचा डफ त्यांनी १९०८ मध्ये जप्त केला होता आणि एका सिनेटरनं त्याला नवा डफ आपल्या नावासकट भेट दिला तेव्हा कुठं त्याला वाजवता आलं. पुढं १९४० च्या दशकात शहरानं तिथून रुंद हमरस्ता काढला आणि प्रासा ओन्झेचा बहुतेक भाग पाडून टाकला. पण आज मिरवणूक जाते ते ऑस्कर निमायरनं आखलेलं, १९८४ ला उघडलेलं सांबाड्रोम तिथून जवळच आहे, आणि प्रत्येक स्कूलमध्ये बायानांची तुकडी असावीच लागते ती या सियातासारख्या बायकांच्या मानासाठी. माझ्या तियाचा फोटो ज्या कपड्यात आहे तो या सगळ्याचा कपडा आहे. तुम्ही नेमका तोच उचललात.

ढोलांचं थोडं सांगते, मला स्वतःला सगळ्यात जवळचं तेच आहे. कांदोम्ब्लेत तीन ढोल असतात, रुम, रुम्पी आणि ले, आणि प्रत्येक देवाचा ठेका वेगळा, तो वाजला की तो देव आपल्या माणसाच्या अंगात येतो आणि नाचतो. सांबा स्कूलच्या ढोल-ताफ्यात तीच माणसं वाजवायला आली, दिवसा तेरेइरोत आणि रात्री स्कूलमध्ये, तर हात बदलणार कसे. मोसिदाजी स्कूलच्या छोट्या ढोलांच्या ठेक्यात शिकारीचा देव ओशॉसी आहे असं इथली जुनी माणसं सांगतात आणि एकदा कुणी तो वाजवून दाखवला की मग प्रत्येक वेळी तो ऐकू येतोच. टीव्हीवर बघताना हा फरक कळत नाही कारण आवाज सगळा एकत्र येतो, पण सरावाच्या रात्री ताफ्याच्या बाजूला उभं राहिलं की सुर्दो या मोठ्या ढोलाचा आवाज आधी पोटात जाणवतो, मग ऐकू येतो.

तिसरी तक्रार एशूची आणि ही फार महत्त्वाची. एशू म्हणजे चौकांचा, बाजारांचा, वाटांचा देव, माणसं आणि बाकीचे देव यांच्यात निरोप नेणारा. कुठलीही पूजा असो, आधी त्याला द्यायचं, मग पुढं. लाल-काळा रंग, हातात काठी, खाणंपिणं-हसणं आवडणारा देव. युरोपियन मिशनऱ्यांनी त्याला बघितलं आणि सैतान ठरवून टाकलं, शिंगं लावली, आणि तेच चालत आलं. २०२२ मध्ये ग्रांदे रिओ नावाच्या स्कूलनं ठरवलं की आम्ही एशूवरच मिरवणूक काढणार. हे स्कूल शहराबाहेरच्या दुकी दि काशियास या कामगारवस्तीच्या गावातलं, जिथं चर्चंही भरपूर आणि तेरेइरोही भरपूर. त्या वर्षी महामारीमुळं कार्निव्हल एप्रिलमध्ये झाला. विषय कुठून घेतला तर त्याच गावात जार्दिम ग्रामाशू नावाचा प्रचंड कचरा डेपो होता, तिथं कचरा वेचणारी एस्तामिरा नावाची बाई होती, ती फोन कानाला लावून एशूशी बोलायची. लोक तिला वेडी म्हणायचे. स्कूलनं तिचं बोलणं उचललं आणि त्यावर अख्खी मिरवणूक उभी केली, चौकातल्या एशूपासून बाजारापर्यंत, दारूच्या गुत्त्यापासून कचऱ्याच्या डोंगरापर्यंत, आणि सांगितलं की जिथं जग घाण टाकतं तिथंपण हा देव असतो. त्या स्कूलचं ते पहिलं विजेतेपद. निकाल लागला तेव्हा आमच्या गल्लीत माणसं रडत होती, ज्यांचं ते स्कूल नव्हतं तीपण. त्या आठवड्यात मराठीत मी शोधशोध शोधलं, तर एक व्हिडिओ मिळाला, 'कार्निव्हलमध्ये सैतानाची पूजा'. बाकी पिसं.

आणि हे काही एका वर्षाचं फॅड नाही. १९६० मध्ये साल्गेइरो स्कूलनं पळून गेलेल्या गुलामांचं राज्य पाल्मारेस आणि त्याचा नेता झुंबी यावर मिरवणूक काढली, तेव्हा शाळेच्या पुस्तकांत झुंबीला जागा नव्हती. १९६३ ला त्यांनी शिका दा सिल्वा आणली, गुलाम म्हणून जन्मलेली आणि हिऱ्यांच्या खाणींच्या प्रदेशात नाव कमावलेली बाई, आणि जिंकले. १९७८ ला बेइजा-फ्लोर हे स्कूल पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या परंपरेतली जगाची उत्पत्ती घेऊन आलं आणि जिंकलं. १९८८ ला, गुलामगिरी संपल्याच्या शंभराव्या वर्षी, विला इझाबेल स्कूलकडं फारसे पैसे नव्हते, तर त्यांनी गवत, काथ्या, स्वस्त कापड असल्या सामानातून काळ्या लोकांचा उत्सव उभा केला आणि भारी भारी रथवाल्यांना मागं टाकलं. २०२४ ला विरादोरो आजच्या बेनिन भागातल्या सर्पदेवतेवर जिंकलं. हजारो माणसं जी गोष्ट शाळेत शिकली नाहीत ती सांबाची गाणी पाठ करता करता शिकली. माझ्या ऑफिसातला वॉचमन मला झुंबीबद्दल सांगतो ते गाण्याच्या ओळी म्हणत म्हणतच सांगतो.

भारतीय म्हणून एक गोष्ट तुमच्याकडं हमखास छापून येते ती म्हणजे साल्वादोरची 'गांधीपुत्र' मंडळी. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, बंदरावरच्या हमालांनी काढलेला हा कार्निव्हलचा गट, पांढरे कपडे, पांढरे फेटे, निळ्या-पांढऱ्या माळा. 'ब्राझीलमध्ये गांधींचा जयजयकार' म्हणून छापता, छान वाटतं वाचायला. पण ही सगळी अफोशे परंपरा आहे, म्हणजे कांदोम्ब्ले रस्त्यावर आणायची रीत, ठेका इजेशा नावाचा, पांढरा रंग ओशाला देवाचा, आणि निघायच्या आधी एशूला नैवेद्य. गांधी ठेवता आणि एशू कापता. ज्या हमालांनी गांधींना आपल्या देवांच्या शेजारी बसवलं त्यांचेच देव तुम्ही फोटोतून काढून टाकता, हे मला फार लागतं.

सगळं पवित्रच आहे असं मी म्हणत नाही. बेकायदा लॉटरी चालवणाऱ्यांचा पैसा स्कूलमध्ये वर्षानुवर्षं आहे, २०१५ ला इक्वेटोरियल गिनीवर मिरवणूक काढून जिंकलेल्या स्कूलवर तिथल्या हुकूमशाही राजवटीचा पैसा घेतल्याचा आरोप झाला, महागडी तिकिटं आहेत, आणि ज्या वस्तीचं स्कूल त्या वस्तीतल्या माणसाला चांगल्या जागेवरून मिरवणूक बघणं परवडत नाही. यावर लिहा की, कडक लिहा. पण त्यासाठी आधी समोर काय चाललंय ते माहिती पाहिजे.

रिओतसुद्धा हे सगळं सुखानं चालत नाही. इथं एक महापौर होऊन गेले, इव्हँजेलिकल चर्चचे बिशप, मार्सेलो क्रिवेला, त्यांनी २०१८ च्या कार्निव्हलसाठी स्कूलना मिळणारे पैसे निम्मे केले आणि महापौर असून मिरवणुकीकडं फिरकले नाहीत. २०२५ मध्ये युनिदोस दि पाद्रे मिगेल हे स्कूल ५२ वर्षांनी वरच्या गटात आलं, विषय घेतला साल्वादोरच्या 'कासा ब्रांका' या जुन्या तेरेइरोचा आणि ते उभारणाऱ्या इया नास्सोचा, तर गाण्यात योरुबा शब्द जास्त झाले म्हणून एका परीक्षकानं दशांश गुण कापला. स्कूल परत खालच्या गटात गेलं ते काही त्या एका दशांशामुळं नाही, इतरही गुण गेले, पण कारण वाचून लोक संतापले ते संतापलेच. ज्या बाईनं योरुबातच देव जपले तिच्यावरच्या गाण्यात योरुबा नको? त्याच वर्षी 'आफ्रिकन विषय फार झाले' अशी कुरकुर पण चालली होती. राजे, सेनापती, शोध लावणारे पोर्तुगीज खलाशी यांच्यावर कित्येक दशकं मिरवणुका निघाल्या तेव्हा फार झाले असं कुणी म्हटलेलं मी तरी वाचलं नाही. म्हणजे बघा, इथंच एवढी ओढाताण आहे, त्यात बाहेरचे आपण, ज्यांचं यात काहीच जात नाही, आपण तरी निदान नीट सांगू शकतो ना.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्या पोर्टलनं तियाचा फोटो छापला त्यांनी तो काढावा, हेडलाइन काढावी आणि जिथं हेडलाइन होती तिथंच चूक झाली असं लिहावं. प्रश्नचिन्ह चालणार नाही. आणि बाकीच्यांनी आपापल्या जुन्या बातम्या एकदा उघडून बघाव्यात, असं काही सापडलं तर दुरुस्त करावं.

ओरिशांना, म्हणजे या देवांना, आणि त्यांच्या पूजेला सैतान, भूत-प्रेत, काळी जादू, तंत्र-मंत्र असले शब्द वापरू नका. एशू आहे तर एशू लिहा, ओशुम आहे तर ओशुम लिहा. मराठी वाचक एवढा समजूतदार आहे, त्याला नवं नाव झेपतं, तीन ओळीत कोण ते सांगितलं की झालं.

कार्निव्हलचा कुठलाही फोटो टाकताना खाली स्कूलचं नाव आणि त्या वर्षीचा विषय लिहा. फोटो एजन्सीकडून येणाऱ्या माहितीत बहुतेक वेळा स्कूलचं नाव असतंच, तुम्ही ते उडवता. विषय शोधायला पाच मिनिटं लागतात.

गॅलरीत बायाना घ्या, झेंडा घेऊन फिरणारी पोर्ता-बांदेइरा घ्या, ढोलवाले घ्या, रथ ढकलणारी माणसं घ्या. बाईचा फोटो म्हणजे फक्त अंग, हे तर आपल्याकडच्या बातम्यांतही बंद करायला हवंय.

व्हिडिओ करणाऱ्यांना वेगळं सांगायचंय. तेरेइरोत न विचारता कॅमेरा चालू करू नका, कुणाच्या अंगात देव आलेला असताना तर अजिबात नाही. चौकात ठेवलेला नैवेद्य, मेणबत्त्या, लाह्या, कोंबडं दिसलं तर त्याला पाय लावून 'बघा मित्रांनो काय प्रकार आहे' करू नका, मी असे दोन मराठी व्हिडिओ स्वतः बघितलेत. त्यापेक्षा मिरवणुकांच्या आधी सापुकाई धुतात त्या संध्याकाळी या. बायाना सुगंधी पाणी, झाडू, फुलं घेऊन तो अख्खा रस्ता धुतात, धूप फिरवतात, सगळ्यांनी बघावं असंच ते असतं. तिथं काढा ना पाहिजे तेवढे व्हिडिओ, विचारलं तर सांगणारे शंभर जण भेटतील. आणि वालोंगोला या, मी स्वतः घेऊन जाईन.

शेवटचं, कुणाला तरी विचारा. गोव्यात पोर्तुगीज वाचणारी माणसं आजही आहेत, पुण्या-मुंबईत पोर्तुगीज शिकलेली पोरं आहेत, इथं ब्राझीलमध्ये आम्ही थोडे मराठी लोक आहोत. कार्निव्हलचा निकाल राखेच्या बुधवारी, म्हणजे कार्निव्हल संपतो त्या बुधवारी, दुपारी लागतो, तुमच्याकडं तेव्हा रात्र झालेली असते आणि पान सोडायची घाई असते हे मला कळतं. त्या रात्री मेसेज टाका, कुठलं स्कूल, कुठला देव, गाण्यात काय म्हटलंय, मी लिहून देते. पैसे नकोत, नावही नको. तियाचा फोटो मात्र त्याच्या आधी, म्हणजे आत्ताच, काढा.

आपली,
रिओत राहणारी साताऱ्याची एक वाचक